सळईला पाणी चढत नाही

दिवाळीच्या आधी आमच्या तालुक्याच्या आठवडे बाजारात घिसाड्यांची पालं पडतात. ऊसतोडीला निघायच्या आधी नवे कोयते करून घ्यायला, जुन्यांना धार लावून घ्यायला लोकांची रीघ लागलेली असते, दोन-दोन तास नंबर लागत नाही. परसातला शेवगा आणि नारळाच्या झावळ्या यांच्यासाठी एक आटोपशीर कोयता हवा होता म्हणून मीही गेले होते. माझ्या पुढे एक तरुण पोरगा उभा होता, घराचं बांधकाम चालू असणार बहुतेक, कारण त्यानं हातभर लांबीचा सळईचा तुकडा आणला होता, अंगठ्याएवढा जाड, नवा कोरा, अंगावर त्या तिरक्या रेघा. म्हणाला, मामा याचा कोयता करून द्या. मामांनी सळई हातात घेतली आणि लगेच परत दिली. "सळईला पाणी चढत नाय. पाटा आण." (पाणी देणं म्हणजे लाल लोखंड पाण्यात घालून कडक करणं, आणि पाटा म्हणजे ट्रकच्या कमानीची पट्टी.) पोराला काही ते पटलं नाही. "अहो मामा, टीएमटी आहे ही, पाटा तर भंगारातला, हे एक नंबरचं लोखंड आहे." मामा भात्याकडे वळता वळता एवढंच बोलले, "घराला एक नंबर. धारेला नाय."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईचना.

कारण मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. केमिकल बाँडिंगचा, म्हणजे अणू एकमेकांना कसे धरून ठेवतात त्याचा, धडा आला की फळ्यावर तीन रकाने पाडायचे, आयनिक, कोव्हॅलंट, मेटॅलिक, आणि तिसऱ्यात लिहायचं की धातूचे अणू आपापले बाहेरचे इलेक्ट्रॉन सामाईक खात्यात जमा करतात, ते इलेक्ट्रॉन सगळीकडे मोकळे फिरतात, म्हणून धातू वीज वाहतो, चमकतो, ठोकला की पसरतो. सगळं खरं आहे. पण त्या रकान्याच्या हिशोबानं पाहिलं तर त्या पोराच्या हातातली सळई आणि मामांच्या पालाशेजारी पडलेला ट्रकचा कमानपाटा यांच्यात फरक काय? दोन्ही लोखंडच, शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग तरी लोखंडच, बाँड तोच. मग एकाला धार धरते आणि दुसऱ्याला धरत नाही हे मामांना नुसतं हातात घेऊन कळतं आणि पुस्तक मात्र तिसऱ्या रकान्याशी थांबतं, हे मला आतून खुपत राहिलं.

माझा नंबर येईपर्यंत बसून बघत होते. पाट्याचा तुकडा कोळशात, मामांचा मुलगा भाता मारतोय (आता हातानं फिरवायचा पंखा असतो, पण म्हणतात भाताच), लोखंड आधी काळपट लाल, मग उजळ लाल, मग नारिंगीकडे झुकलं की मामा सांडशीनं उचलून ऐरणीवर धरणार आणि समोर उभ्या मावशी घण घालणार. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, घण डोक्याच्याही मागून येतोय आणि बरोबर तिथेच पडतोय जिथे मामांनी आधी लहान हातोडीनं टिचकी मारून जागा दाखवलीय. बोलणं काही नाही. प्रत्येक घावाला काळ्या खपल्या उडतात, रंग उतरत जातो, घणाचा आवाज बदलत जातो, आणि आवाज कडक झाला की परत कोळशात. हळूहळू पाट्याची पाठ जाड राहते, पोट पातळ होत जातं, टोकाला बाक येतो. शेवटी कानस मारून धार काढली, आणि मग पाणी.

पाणी द्यायची वेळ आली तेव्हा मावशींनी वरच्या फाटक्या ताडपत्रीचा कोपरा ओढून सावली केली. रंग नीट दिसायला पाहिजे, उन्हात लाल रंग फसवतो. कापलेल्या पत्र्याच्या डब्यात पाणी होतं. मामांनी लालभडक कोयत्याची फक्त धार, दोन बोटं असेल, पाण्यात धरली, चर्रर्र आवाज, वाफ, आणि लगेच बाहेर. पाठ अजून लालच. धारेकडची एक जागा विटेच्या तुकड्यावर खसाखसा घासून पांढरी केली आणि बघत बसले. मीही वाकून बघायला लागले, तर त्या पांढऱ्या जागेवर पाठीकडून एक रंग सरकत येत होता. आधी फिकट गवती पिवळा, मग तपकिरी, त्याच्या मागोमाग जांभळा. पिवळ्याचा तपकिरी होऊन तो धारेच्या अगदी काठाला टेकला तसा मामांनी अख्खा कोयता पाण्यात बुडवला.

मी विचारलं, मामा, एकदाच पूर्ण का नाही बुडवला? म्हणाले, "काच होईल ताई त्याची. ढेकळात दगडावर बसला की टवका उडाला."

माझं आजोळ पुण्याचं, कसब्यातलं, तांबट आळीपासून दोन वळणांवर. सुट्टीत तिथे गेलं की सकाळी जाग यायची ती ठोक्यांच्या आवाजानं, एकाच वेळी दहा-बारा ठिकाणांहून, लयीत पण एकमेकांशी न जुळणारे. आजीनं एकदा बंबाची टाकी बदलायला दिली होती तेव्हा तिच्याबरोबर दुकानात बराच वेळ बसले होते. तांब्याचा पत्रा भट्टीत लाल करून गार केला की इतका मऊ की माझ्या हातानं वाकला. मग त्यावर मठारकाम सुरू, गुळगुळीत तोंडाच्या हातोड्यानं एकाला एक लागून ठोके, ओळीनं, एक मिलीमीटर जागा सोडायची नाही. आणि तोच पत्रा ठोके खाऊन ताठ होत गेला, आवाज खणखणीत झाला, चमक आली. मध्येच फार कडक झाला तर चिरेल म्हणून परत ताव द्यायचा, परत मऊ, परत ठोके. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं, पण वायर वाकवताना वाटायचं. माझ्या सख्ख्या मामाच्या टूलबॉक्समधली तांब्याची वायर घेऊन मी एकाच जागी मागेपुढे वाकवत बसायची, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला ती त्याच जागी वाकायला नको म्हणायची, शेजारून वाकायची. हट्टानं तिथेच वाकवत राहिलं की गरम व्हायची आणि तुटायची. वायर तीच, तांबं तेच, बाहेरून काही मिसळलं नाही, आतून काही निघून गेलं नाही. फक्त वाकवली.

कॉलेजात त्याचं उत्तर मिळालं तेव्हा मला अक्षरशः त्या वायरचा स्पर्श बोटांना आठवला होता. गोष्ट अशी आहे की धातूतले अणू रांगेत, थरावर थर असे बसलेले असतात. मिठातही तसेच असतात, सोडियम-क्लोरिन-सोडियम-क्लोरिन, पण मिठाचा एक थर एक घर सरकला तर धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतात, एकमेकांना ढकलतात, आणि खडा फुटतो. जाडं मीठ सुरीनं हलक्या हातानं फोडून बघा, सपाट बाजूंचे तुकडे पडतात. धातूत तसं होत नाही, कारण इलेक्ट्रॉन कोणा एकाचे नाहीत, थर सरकला तरी नव्या शेजाऱ्याशी नातं तेच राहतं, म्हणून धातू वाकतो. इथपर्यंत ठीक. पण १९२६ साली याकोव्ह फ्रेंकेल या रशियन शास्त्रज्ञानं हिशोब करून पाहिला की अख्खा थर दुसऱ्या थरावरून सरकवायला किती जोर लागेल, तर उत्तर आलं प्रत्यक्षात लागतो त्याच्या हजारो पट. म्हणजे बाँडची ताकद धरून चाललं तर तांब्याची वायर माझ्यासारख्या लहान मुलीच्या हातानं वाकायलाच नको होती!

प्रश्न उलटा झाला. धातू मजबूत का, हे राहिलं बाजूलाच, धातू इतका कमजोर का हेच सांगता येईना.

१९३४ साली तिघांनी, टेलर, ओरोवान आणि पोलान्यी, वेगवेगळ्या ठिकाणी बसून जवळपास एकच उत्तर दिलं. अख्खा थर एकदम सरकतच नाही. रचनेत कुठेतरी अणूंची एक अर्धीच रांग घुसलेली असते, तिच्या तळाशी एक चूक असते, डिस्लोकेशन म्हणतात तिला, आणि जोर लावला की ती चूक एकेक घर पुढे सरकत जाते. मंगल कार्यालयात मोठी सतरंजी फूटभर सरकवायची असली की आपण ती ओढत नाही, एका कडेला दुमड पाडतो आणि ती दुमड पायानं ढकलत दुसऱ्या कडेला नेतो, तसंच. २२ वर्षं ही गोष्ट कागदावरच होती, मग १९५६ मध्ये केंब्रिजला हर्श, हॉर्न आणि व्हेलन यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या अतिपातळ पापुद्र्यात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली या डिस्लोकेशन चक्क हलताना पाहिल्या. म्हणजे धातू मऊ असतो तो या चुकांमुळे. आणि गंमत बघा, कडक होतो तोही त्यांच्यामुळेच, कारण वाकवलं, ठोकलं की आणखी चुका जन्माला येतात, एकमेकींत अडकतात, गुंता होतो, कोणालाच पुढे सरकता येत नाही. माझी वायर दुसऱ्यांदा त्याच जागी वाकत नव्हती ती यामुळे. तांबट ओळीनं ठोके घालून पत्र्यात हा गुंताच भरत असतो, आणि ताव देतो तेव्हा अणूंना हालचालीची मुभा मिळून नवे स्वच्छ कण तयार होतात आणि गुंता पुसला जातो. लाल लोखंडावर मावशींचे एवढे घाव पडूनही ते कडक होत नाही त्याचं कारणही हेच, तिथे गुंता होता होताच सुटत असतो.

मग पाण्याचं काय? तिथे कार्बन येतो, आणि माझ्या मते अख्ख्या धातुशास्त्रात याच्याइतकी देखणी गोष्ट दुसरी नाही. गार लोखंडात अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध असे बसतात. ९१२ अंश सेल्सियसच्या वर गेलं की तेच अणू जागा बदलतात, कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर. लोखंड अजून घट्टच आहे, वितळायला १५३८ अंश लागतात, पण आतल्या आत सगळं घर बदललेलं असतं. या नव्या रचनेत अणू जास्त दाटीनं बसतात पण मधल्या पोकळ्या मोठ्या असतात, आणि त्यात कार्बनचे बारके अणू मावतात, वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत. गार रचनेत ते दशांश-शतांशातही धड मावत नाहीत. (कार्बन मिसळलेला असला की हा बदल ९१२ च्या बराच खाली, ७२७ अंशांपासूनच सुरू होतो, म्हणून मामांच्या साध्या कोळशाच्या भट्टीत ते होऊ शकतं.) आता हे लाल लोखंड हळूहळू गार केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो, तो तीन लोखंडाला एक कार्बन असं संयुग करून वेगळा होतो, आणि मऊ लोखंडाचा एक पदर, या कडक संयुगाचा एक पदर, परत मऊ, परत कडक अशी घडी पडते. शेफील्डच्या हेन्री सॉर्बीनं १८६३ पासून पोलाद घासून, अ‍ॅसिड लावून मायक्रोस्कोपखाली बघायला सुरुवात केली तेव्हा त्याला हे पदर शिंपल्यासारखे चमकताना दिसले, म्हणून त्याला पर्लाइट म्हणतात.

आणि एकदम पाण्यात घातलं तर? कार्बनला निघायला वेळच मिळत नाही. लोखंडाला घर बदलायचंच असतं, ते बदलतं, पण आत कार्बन तसाच अडकलेला. घन धड घन राहत नाही, एका दिशेनं ताणला जातो. सगळीकडे ताण, डिस्लोकेशनला पाय टाकायला सपाट जागा नाही. याला मार्टेन्साइट म्हणतात, जर्मन संशोधक आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून. तेच लोखंड, तेवढाच कार्बन, काही सेकंदांचा फरक, आणि काचेवर ओरखडा उठेल इतका कडकपणा. पण थर सरकू शकत नाहीत म्हणजे वाकताही येत नाही, जोर आला की सरळ तडा. मामा काच म्हणाले ते शब्दशः बरोबर होतं. म्हणून मग थोडी ऊब परत द्यायची, दोनशे ते तीनशे अंशांच्या मध्ये, म्हणजे थोडा कार्बन बारीक कणांच्या रूपानं बाहेर येतो, ताण उतरतो, थोडा कडकपणा जातो आणि चिवटपणा येतो. किती ऊब दिली हे कळायला मामांकडे तो सरकणारा रंग असतो. घासून पांढऱ्या केलेल्या लोखंडावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा अतिपातळ थर चढतो, तो जसा जाड होतो तसा प्रकाशाचा रंग बदलतो. गवती पिवळा साधारण २२०-२३० अंशांना, तपकिरी अडीचशेच्या पुढे, जांभळा २८० च्या आसपास, निळा तीनशेला. थर्मामीटर लोखंडाच्या अंगावरच उमटतो आणि मामा तो वाचतात. आणि ती ऊब आणायची कुठून, तर पाठीत मुद्दाम शिल्लक ठेवलेली आहेच की!

घरी येऊन मी सळईबद्दल वाचत बसले आणि मला खरंच टाळी वाजवावीशी वाटली. गावोगावच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिरातीत दिसते ती टीएमटी सळई, तिची कारखान्यातली कृती म्हणजे मामांचीच कृती. रोलिंगच्या शेवटच्या टप्प्यातून साधारण हजार अंशांची लाल सळई बाहेर पडते, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यातून सेकंदभर जाते, बाहेरचं कातडं एकदम गार होऊन मार्टेन्साइट बनतं, गाभा लालच. मग ती मोकळ्या हवेत पडली की गाभ्यातली ऊब बाहेर येते आणि त्या कडक कातड्याला नरमवते. गाभा हळू गार होतो, मऊ आणि चिवट राहतो. सळईचं तोंड घासून अ‍ॅसिड लावलं तर काठाला गडद रंगाचं कडं स्पष्ट दिसतं. म्हणजे त्या पोराच्या सळईला पाणी दिलेलं होतंच, फक्त ते भट्टीत घातल्याबरोबर पुसलं गेलं असतं, आणि परत द्यायला गेलं तर धारेपुरतं चढलं नसतं. कारण सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास, बांधकामावर वाकायला पाहिजे, वेल्डिंग झालं पाहिजे म्हणून मुद्दाम कमी ठेवलेला. पाट्यात त्याच्या दुप्पट किंवा जास्त, अर्धा टक्क्याच्या वर. अडकायला कार्बनच पुरेसा नाही तर पाणी चढणार कसं? पाव टक्का आणि अर्धा टक्का. मामा हातात घेऊन हे ओळखतात, की सळई आणि पाटा हा भेद त्यांच्या आधीच्या कितीतरी लोकांनी वाया गेलेल्या कोयत्यांतून शोधून ठेवलाय, मला सांगता येणार नाही, पण त्या भेदावर त्यांचा अख्खा धंदा उभा आहे.

मला या सगळ्याचा आनंद होतो आणि त्याच वेळी वाईटही वाटतं. त्याच बाजारात पलीकडे दोन दुकानांत रेडीमेड कोयते टांगलेले असतात, प्लास्टिकच्या मुठीचे, स्वस्त. मामांचा मुलगा भाता मारतो खरा पण त्याला ड्रायव्हिंगचं लायसन काढायचंय, आणि त्यानं काढूच नये असं मी कोणत्या तोंडानं म्हणू, वर्षाचे आठ महिने पालात काढायचे, मावशींचे खांदे किती दुखत असतील ते त्याच बसल्या बसल्या चोळत होत्या. ही विद्या टिकावी असं मनापासून वाटतं, पण ती टिकवायचं ओझं त्याच पोराच्या खांद्यावर का, हेही वाटतं. निदान आमच्या धड्यात तरी ती यावी. बाँडिंग शिकवताना तिसऱ्या रकान्याखाली आणखी दोन ओळी, की बाँड कोणता हे कळलं म्हणजे पदार्थ कळला असं होत नाही, अणू बसलेत कसे, कुठे चुकलेत, कोण अडकलंय, गार व्हायला किती वेळ मिळाला, तेही पाहावं लागतं.

म्हणून यंदा धडा संपल्यावर वर्गात शिवणाच्या सुया नेल्या. एक तशीच वाकवून पाहिली, लवचीक, सोडली की सरळ. दुसरी स्पिरिटच्या दिव्यावर लाल करून ज्योतीतून अगदी सावकाश वर उचलत गार केली, ती तारेसारखी वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिसरी लाल करून पाण्यात टाकली, चिमट्यानं जोर दिला तर टिक करून तुटली. चौथी पाण्यात टाकून, घासून, परत ज्योतीच्या वर लांबून धरली, आणि पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग आले तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही पुढे आली. एका मुलीनं विचारलं, मॅडम कार्बन नुसता अडकलाय ना, मग कधीतरी आपोआप बाहेर येऊन सगळे कोयते मऊ होतील? प्रश्न इतका चांगला होता की तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. तिला सांगितलं की बाहेर यायचं तर अणूंना जागा सोडायला ऊर्जा लागते, नेहमीच्या तापमानाला त्यांच्याकडे ती इतकी कमी असते की कोयता पिढ्यान्‌पिढ्या कडक राहतो. हिराही तसाच, आपल्या हवेच्या दाबाला खरं तर ग्राफाइट जास्त स्थिर, पण हिऱ्यातल्या अणूंना तिकडे जायची वाट मिळत नाही म्हणून तो हिराच राहतो.

तेवढ्यात शेजारच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, त्याचे आईवडील तोडीला जातात, "म्हणून आई चुलीतलं लाकूड कोयत्यानं सारू देत नाही. पाणी उतरतं म्हणते." बरोबर आहे, निखाऱ्यात पाच-सहाशे अंश सहज असतात, धार तिथे थोडा वेळ जरी राहिली तरी अडकलेला बराचसा कार्बन बाहेर पडतो आणि धार मऊ पडते. मग काय करायचं, तर कोयता परत लाल करून परत पाणी द्यायचं, लोखंड तेच असतं आणि कार्बनही बहुतेक सगळा आतच असतो.